ढिगाच्या बाई

परमेश्वराने माणसांत वाटायला जेवढा हेकटपणा आणला होता, त्यातला निम्मा त्याने आमच्या वरच्या खोलीतल्या बाईंना एकटीला देऊन टाकला आणि उरलेला निम्मा बाकीच्या जगाला पुरवून पुरवून वाटला, असं माझं स्पष्ट मत आहे. बाई फ्रान्सच्या. गणितात आणि भौतिकशास्त्रात मोठं नाव असलेल्या. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत वर्षभरासाठी म्हणून आल्या, गोंगाट सोसत नाही म्हणून आमच्या माण गावात तिसऱ्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली आणि अकरा वर्षं तिथून हलल्या नाहीत. माझ्या वडिलांनी ज्या वावरात आंबेमोहोर पिकवला तिथे आता काचेची इमारत उभी आहे, आणि त्या इमारतीत दिवसभर बसणारी मुलं झोपायला आमच्या खोल्यांमध्ये येतात. ही मुलं एकदा किल्ली घेऊन गेली की महिनोन्‌महिने नजरेस पडत नाहीत. बाई मात्र पहिल्याच दिवशी खाली आल्या, माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात शिरल्या, एकेक डबा उघडून आत बोट फिरवलं आणि मोहरीचा डबा उचलून वर घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी रवा गेला, तिसऱ्या दिवशी उडीद. चौथ्या दिवशी सुमन, म्हणजे माझी बायको, मला म्हणाली, "ह्या बाईंच्या देशात वाण्याची दुकानं नसतात का हो?"

आता बाई आमच्याकडे राहत नाहीत. का राहत नाहीत तेच सांगायला मी बसलो आहे, आणि त्यात माझी बाजू काही फार चांगली दिसणार नाही. पण बाई कोण होत्या हे आधी कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बाईंचा विषय होता ढीग. कशाचाही ढीग. धान्याचा, वाळूचा, मातीचा, खडीचा. ढीग किती उंच होतो, कुठवर उभा राहतो आणि दगडासारखा उभा असलेला ढीग अचानक पाण्यासारखा का वाहू लागतो, या एका प्रश्नावर त्यांनी चाळीस वर्षं घालवली होती. संस्थेतले एक प्राध्यापक मला एकदा सांगत होते की यातला एक मोठा नियम बाईंनी तिशीच्या आत शोधून काढला. मात्र तो जगभर त्यांच्या गुरूच्या नावाने शिकवला जातो. मी बाईंना विचारलं, तर वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "त्याचं आडनाव ल्हान होतं. पुस्तकात बसलं." त्यानंतर आठवडाभर गुरू या विषयावर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बाई गच्चीवर पराती मांडत, कागदाच्या नरसाळ्यातून धान्य ओतत आणि ढीग ढासळेपर्यंत उकिडव्या बसून राहत. ढासळला की वहीत लिहीत. पुन्हा ओतत. माणसाने टीव्ही बघावा तशा बाई ढीग बघत.

या ढिगांवरून एकदा गल्लीत मोठा गहजब झाला. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी पाहिलं की आमच्या गच्चीवर मोहरीचे आणि उडदाचे ढीग ओळीने मांडलेत, भोवती खडूची रिंगणं आहेत आणि एक गोरी बाई केस मोकळे सोडून त्यांच्याकडे टक लावून बसली आहे. मोहरी आणि उडीद म्हटल्यावर आमच्याकडे जो अर्थ निघतो तोच निघाला. संध्याकाळी बायकांचं शिष्टमंडळ दारात आलं. पुढे शेजारच्या गंगूबाई. मी सारवासारव करायला लागलो तोवर बाई जिन्यावरून ओरडल्या, "समद्या वर या! हात धुवून या!" आणि त्यांनी सगळ्यांच्या हाती एकेक नरसाळं दिलं. पुढचे दोन तास आमच्या गच्चीवर वीसेक बायका धान्य ओतत होत्या आणि कुठला ढीग आधी पडणार यावर भांडत होत्या. गंगूबाईंचा अंदाज एकदाही चुकला नाही. जन्मभर सूप हातात धरलेली ती बाई. हे बघून बाईंचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांना खजिना दाखवला. त्यांनी गंगूबाईंचा हात धरून तळवा उलटसुलट पाहिला, मग वहीत त्यांचं नाव लिहून घेतलं. गंगूबाई जाताना मला बजावून गेल्या, "मास्तर, करणी न्हाई काय न्हाई. येडी हाय, पर आपलीच हाय."

बाईंच्या मराठीचं श्रेय मात्र गंगूबाईंना नाही. ते ठकूबाईचं. दर रविवारी, आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा, बाई एसटीने ताम्हिणीकडे जात. तिथला पाऊस म्हणजे त्यांची प्रयोगशाळा. घाटातल्या एका वाडीवर ठकूबाई नावाची धनगराची बाई शेळ्या राखायची, सत्तरीच्या आसपासची. ती डोक्यावर इरलं घेऊन आणि या फाटक्या रेनकोटात, दोघी दिवसभर एका खडकावर बसून समोरच्या उतारांकडे बघत. कुठल्या झाडाचं खोड यंदा वाकलं, कुठला झरा जागा सोडून दुसरीकडे फुटला, शेळ्या कुठल्या वाटेने जायला नाकारतात, हे ठकूबाई सांगे आणि बाई लिहून घेत. त्यामुळे बाईंचं मराठी थेट घाटावरचं झालं. 'आहे' हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. एकट्या माणसाला 'आपण' किंवा 'तुम्ही' म्हणायची तर त्यांना चीडच होती. मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस. मला ते खुपायचं. एकदा म्हणालो, "बाई, मोठ्या माणसांना तरी अहो-जाहो करा. तुमच्या भाषेतही असतंच की." तर म्हणाल्या, "असतं. निम्मं आयुष्य त्यातच गेलं. हितं न्हाई करनार."

पुण्यात एका मोठ्या सभागृहात त्यांचं भाषण झालं तेव्हा मी आवर्जून गेलो होतो. समोर प्राध्यापक, पाहुणे, हारतुरे. बाईंनी टेबलावर तांदूळ ओतला आणि सुरुवात केली, "ह्यो ढीग हाय. तुमाला वाटतंय ह्यो उबा हाय. न्हाई. ह्यो पडायचं फुडं ढकलतोय." सभागृह खो खो हसलं. पुढचा तासभर बाई जे सांगत होत्या ते माझ्या डोक्यावरून गेलं, पण लोक हसत राहिले तसा त्यांचा आवाज कडक होत गेला हे मला कळलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला आणि खाली बाईंच्या गावरान बोलीचं भरभरून कौतुक. गणिताविषयी अवाक्षर नाही. सुमनने पेपर त्यांना वाचून दाखवला, कारण बाईंना मराठी बोलता येई, वाचता येत नसे. ऐकून त्या म्हणाल्या, "मी एक तास बोलले आन त्यांनी माजं 'लई' छापलं."

माणसांच्या गर्दीलाही बाई ढीगच समजत. आयटी पार्काच्या चौकात संध्याकाळी गाड्यांचा जो खच पडतो त्यात त्या रिक्षातून उतरून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहत आणि वही काढत. वाहतूक पोलिसाने घाबरून मला फोन केल्याचं आठवतं. आमच्या शाळेत तर त्यांनी कमालच केली. शाळा सुटताना फाटकात मुलांची चेंगराचेंगरी होई. बाईंनी फाटकाच्या अलीकडे, अगदी वाटेच्या मध्ये, एक मोठं पिंप आणून ठेवलं. मी म्हटलं, अहो, वाट अडवून मुलं लवकर बाहेर कशी पडतील? पण पडली. पिंपाला वळसा घालताना मुलं आपोआप दोन ओळींत विभागली आणि न ढकलता बाहेर गेली. आम्ही सगळे थक्क झालो. दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी पिंप काढून टाकलं. का, तर बाहेरून येणाऱ्याला बरं दिसत नाही. त्या दिवशी बाई शाळेच्या पायरीवर बसून राहिल्या आणि मला पहिल्यांदा आपल्या भावाबद्दल बोलल्या.

त्यांचं गाव डोंगरातलं, पाटीच्या दगडाच्या खाणीचं. खाणीतला निकामी दगडचुरा वर्षानुवर्षं गावाच्या डोक्यावर रचत गेले होते. बाई नऊ वर्षांच्या असताना तो ढीग एका सकाळी खाली आला आणि रस्त्याने चाललेला त्यांचा मोठा भाऊ त्याखाली गेला. चौकशी झाली. शहरातून साहेब आले आणि त्यांनी कागदावर लिहिलं की हे आधी कळणं कुणालाही शक्य नव्हतं. "माजी आई रोज म्हनायची, ढीग हालतोय," बाई म्हणाल्या. "तिला कळलं हुतं. पर तिला कुनी इचारलं न्हाई. म्हनून मी गणित शिकले. गणिताला इचारत्यात." मी काहीतरी समजुतीचं बोललो असेन. काय ते आठवत नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी ठकूबाईच्या वाडीच्या वरच्या अंगाला डोंगर खणायला सुरुवात झाली. बंगल्यांसाठी सपाट जागा आणि वर जायला रस्ता करायचा होता. यंत्रांनी डोंगराची कूस कापली आणि निघालेली माती तिथेच उतारावर लोटून दिली. बाई रोज जायला लागल्या. त्यांनी उतारावर खुंट्या ठोकल्या, सुतळ्या ताणल्या, उन्हाळाभर मोजमापं घेतली. घरी येऊन गच्चीवर बसत आणि जेवायलाही खाली येत नसत. वळवाच्या दोन सरी पडून गेल्यावर त्या एका सरकारी कचेरीत गेल्या. मी सोबत होतो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, त्यांचं मराठी ऐकून खूश झाले, मोबाईलवर त्यांच्यासोबत फोटो काढला आणि म्हणाले, "मॅडम, लेखी द्या."

घरी आल्यावर बाईंनी मला कागद-पेन घ्यायला लावलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, "लिव मास्तर. डोंगर पडनार. ह्याच पावसात. खाली अकरा घरं हायेत. माणसं आत्ता हालवा. रस्ता बंद करा. खाली सही."

मी लिहायला बसलो. तेहेतीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलेला मी. 'डोंगर पडणार' असं कुठे साहेबांना लिहितात का? मी लिहिलं, 'सदर उतार काही अंशी अस्थिर असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी मा. महोदयांनी आपल्या सवडीनुसार स्थळपाहणी करून उचित निर्णय घ्यावा, ही नम्र विनंती.' अक्षर फार सुंदर आलं. बाईंनी विचारलं, "समदं लिवलं?" मी म्हणालो, "लिहिलं." त्यांनी खाली आपल्या लिपीत सही केली.

कचेरीत अशीच भाषा चालते, ही सबब मी स्वतःला पुष्कळ दिवस देत आलो. ती खोटी नाही, पण पुरती खरीही नाही. खरं हे की मला लाज वाटली. समजा, डोंगर नाहीच पडला, तर त्या खणखणीत पत्रातलं मराठी कुणाचं, हे सगळ्यांना कळलंच असतं. बाई आपल्या देशी गेल्या असत्या. मला इथेच राहायचं होतं. मी स्वतःसाठी एक पळवाट ठेवली आणि तिला अदब असं नाव दिलं.

पत्राला उत्तर आलं नाही. आषाढात पाऊस कोसळू लागला. बाई शेवटी कचेरीचा नाद सोडून ठकूबाईकडे गेल्या आणि तिला दोन वाक्यांत सांगितलं. ठकूबाईने एकही प्रश्न विचारला नाही. तिने घरोघर जाऊन सांगितलं, "बाई म्हनती पडनार, म्हंजी पडनार. उटा." लोक कुरकुरले, भाताच्या आवणीचे दिवस होते, पण उठले. भांडीकुंडी घेऊन खालच्या बाजूच्या शाळेत आले. चार दिवस तिथे राहिले. पाचव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला डोंगर खाली आला. अकराच्या अकरा घरं गेली. माणूस एकच गेलं. ठकूबाई शेळ्यांना पाला टाकायला वर गेली होती. शाळेत शेळ्या आणू देत नव्हते, म्हणून त्या गोठ्यातच होत्या.

बाई दोन दिवस त्या चिखलापाशी उभ्या होत्या. रडल्या नाहीत. काढून ठेवलेल्या प्रत्येक दगडाकडे, प्रत्येक वाशाकडे बघत होत्या. ठकूबाईच्या सुनेने, हिराने, त्यांना हाताला धरून खाली आणलं.

पंधरा दिवसांनी बैठक झाली. वाडीचे लोक, साहेब, बाई आणि मी. लोक चिडलेले होते. हिरा उभी राहिली आणि म्हणाली, "बाईनी तुमाला लिवून दिलं हुतं. का न्हाई आला?" साहेबांनी शांतपणे फाईल उघडली, माझं पत्र बाहेर काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. मग म्हणाले, "हे बघा, मॅडमनी फक्त शक्यता वर्तवली होती. तातडी आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. उलट सवडीनुसार या, असं त्यांनीच लिहिलंय. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला जर खात्री नव्हती, तर आम्हाला आधी कळणं कसं शक्य होतं?"

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरोखरच न कळलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"मास्तर," त्यांनी विचारलं, "सवड म्हंजी काय?"

ठकूबाईच्या वाडीवर हा शब्द कुणी वापरत नसावं. त्यांच्या कानावर तो कधी पडलाच नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "वेळ मिळेल तेव्हा."

बाईंनी मान हलवली. नवा शब्द शिकल्यावर त्या नेहमी हलवत तशीच.

परत येताना जीपमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. सूसच्या चढावर गाड्या तुंबल्या होत्या, पण त्यांनी वही काढली नाही. घरी जिना चढताना मधल्या पायरीवर थांबल्या आणि माझ्याकडे पाठ ठेवून म्हणाल्या, "माज्या गावात बी आसाच कुनी मास्तर आसंल. मी त्याचा कधी इचारच केला नव्हता." मग वर गेल्या.

महिनाभरात त्यांनी आवरलं. वह्या संस्थेला दिल्या, पराती घासून सुमनच्या ओट्यावर आणून ठेवल्या. सुमनला सगळं माहीत होतं. त्या महिन्यात ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी माफी मागायला तीनदा वर गेलो. दोनदा अर्ध्या जिन्यातून परतलो. तिसऱ्यांदा दारात उभा राहून मी बोलायला लागलो आणि माझं मलाच ऐकू आलं: 'माझ्या हातून काहीसा प्रमाद घडला असल्याचं मला वाटतं.' बाईंनी हात वर करून मला थांबवलं. जाण्याच्या दिवशी गंगूबाई आल्या, गल्लीतल्या बायका आल्या, हिरा एवढ्या लांबून आली. बाई प्रत्येकीच्या गळ्यात पडल्या. गाडीत बसण्याआधी माझ्यापाशी आल्या, माझा हात हातात घेतला, आणि कसलाही टोमणा न मारता, अगदी मनापासून म्हणाल्या, "मास्तर, तुजं मराठी लई चांगलं हाय."

आयुष्यात माझ्या भाषेचं अनेकांनी कौतुक केलं. त्या वाक्यानंतर मला त्यातलं एकही आठवून बरं वाटत नाही.

बाईंचं पत्र येत नाही. फोन सुमनला येतो, दोन-चार महिन्यांतून एकदा. माझ्याबद्दल त्या विचारतात की नाही हे मी विचारत नाही. वरची खोली आम्ही एका नागपूरच्या मुलाला दिली. तो कधी दिसत नाही.

गेल्या महिन्यात मी एकटाच वाडीवर गेलो. आता ती वाडी नाही, सडकेकडेला पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे. का गेलो ते मला सांगता यायचं नाही. हिरा पत्र्याच्या सावलीत एका करडाला बाटलीने दूध पाजत होती. तिने बसायला पोतं दिलं आणि विचारलं, "बाई कवा येनार हायेत?"

"येतील की, जमेल तसं," हे माझ्या जिभेवर अगदी तयार होतं. इतकं तयार की मला ते गिळावं लागलं.

"नाही येणार," मी म्हणालो.

हिराने करडाच्या तोंडातली बाटली सोडवली, त्याचं तोंड पदराने पुसलं. मग म्हणाली, "बरं. मंग तुमी येत जावा."

मी येईन म्हणालो. मग तिने चूल पेटवली आणि शेळीच्या दुधाचा चहा केला. समोरच्या डोंगरावर ढग उतरत होते, आणि आम्ही दोघं तिकडे बघत बसलो.